अ‍ॅपर्चर: वरीलप्रमाणे

नोंद १
नमुना: सेरियम ऑक्साइड. अ‍ॅपर्चर: तीन. हजर: सर, होयबा, मी आणि सभागृहभर माणसं.

फिल्म चाळीस सेकंदांची होती आणि टाळ्या दीड मिनिटाच्या. टाळ्यांना घड्याळ मी लावलं नव्हतं, होयबाने लावलं होतं, आणि नंतर व्हरांड्यात तो भेटेल त्याला तो आकडा सांगत होता.

पडद्यावर एक कण होता. सेरियम ऑक्साइडचा, म्हणजे गाड्यांचा धूर साफ करायला जे पदार्थ वापरतात त्यांपैकी एकाचा. असे दोन लाख कण रांगेत उभे केले तर जेमतेम एक मिलिमीटर भरेल. इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली त्यातले अणू ठिपक्यांसारखे दिसतात, प्रार्थनेला उभ्या केलेल्या वर्गासारखे ओळीत. मधले ठिपके गप्प होते. काठावरचे मात्र उड्या मारत होते: इथला गायब, पलीकडे हजर, पुन्हा मूळ जागी. सर लेसरच्या लाल टिकलीने त्यांचा पाठलाग करत होते आणि सांगत होते की हे अणू आपल्या मर्जीने हलतायत, साध्या खोलीच्या तापमानाला, कुणी ढोसल्याशिवाय. कण जिवंत आहे असं ते म्हणाले नाहीत. सभागृहाला तसं वाटावं याची मात्र पुरेपूर काळजी त्यांनी घेतली. एक बाई डोळे पुसत होत्या. त्या हिशेब विभागातल्या होत्या.

सर म्हणजे आमच्या प्रयोगशाळेचे प्रमुख. सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा सर. सहानंतर ते माझे दाजी, कारण माझ्या थोरल्या बहिणीने त्यांच्याशी लग्न केलं आहे. मी त्यांच्या मायक्रोस्कोपवर बसते. या फिल्मवरच्या पेपराला लेखक अठरा, त्यात माझं नाव सतरावं. अठरावं नाव नमुना पाठवणाऱ्याचं, आणि तो मागच्या वर्षी वारला.

होयबा हा सरांचा सहायक. वय बावन्न. त्याचं खरं नाव हजेरीपटावर असेल. सर शिंकले तरी तो "बरोबर सर" म्हणतो, म्हणून होयबा. तोंडावर तशी हाक मारली तरी होय म्हणतो.

टाळ्या मीही वाजवल्या. का वाजवल्या ते पुढे येईल.


नोंद २
नमुना: वरीलप्रमाणे. अ‍ॅपर्चर: वरीलप्रमाणे. हजर: वरीलप्रमाणे, सभागृह वजा.

पेपर पाठवून तीन महिने झाले तेव्हा परीक्षकांची पत्रं आली. निनावी, रिवाजाप्रमाणे. दोघांनी पानभर कौतुक करून शेवटी स्वतःच्याच जुन्या पेपरांचा उल्लेख करावा असं सुचवलं होतं. तिसऱ्याने थोडक्यात आटोपलं होतं. अणू हलवतंय कोण, कण की तुमचा झोत? डोस यंत्राच्या वहीसह दाखवा आणि शटर बंद ठेवून केलेली चाचणी जोडा. बस.

हा प्रश्न आमच्या धंद्यात पहिल्या दिवशी शिकवतात आणि दुसऱ्या दिवशी विसरायला लावतात. इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप नुसता बघत नाही. तो इलेक्ट्रॉनचा झोत मारतो आणि त्या माऱ्यातून चित्र बनवतो. अंधारात कोण बसलंय हे कळायला मूठभर खडे फेकावेत, तो माणूस हलला की म्हणावं, बघा, किती चपळ! किती खडे फेकले त्याला डोस म्हणायचं. आणि माणूस आपण होऊन हलतो का हे बघायचं असेल तर एकदा बघायचं, शटर, म्हणजे झोतासमोरचं झाकण, बंद करून हात आवरायचा, थांबायचं, मग पुन्हा एकदाच बघायचं.

सरांनी पत्र दोनदा वाचलं आणि हा मत्सर आहे असं ठरवलं. होयबाने चारदा वाचलं आणि मत्सर कुणाचा तेही सांगितलं. स्वल्पविराम ओळखीचे आहेत, म्हणाला. पत्रात स्वल्पविराम एकच होता.

मी सुचवलं की शटरची चाचणी करून टाकू, एक दिवस पुरेल. सर म्हणाले, प्रश्नाला उत्तर दिलं की प्रश्नाची किंमत वाढते. त्याऐवजी त्यांनी त्या दोन वाक्यांना आठ पानांचं पत्र लिहिलं. आठव्या पानावर एक प्रमाणपत्र होतं: फिल्मचा डोस अत्यंत कमी होता, वहीत नोंद आहे, खाली यंत्रचालकाच्या, म्हणजे माझ्या, सहीची जागा. सोमवारी पत्र जाणार. त्याच महिन्यात संस्थेचा नवा संचालक निवडायचा होता आणि सरांकडे दाखवायला ही फिल्म होती. नाही म्हणायला एक सुंदर आवाजही होता.

वहीचं महत्त्व असं. आमचं यंत्र जुनं आहे. झोत ज्या भोकातून जातो त्याला अ‍ॅपर्चर म्हणतात. अशी तीन भोकं आहेत, एक नंबरचं सगळ्यात मोठं, तीन नंबरचं सगळ्यात बारीक, आणि कुठलं लावायचं ते हाताने गुंडी फिरवून ठरवायचं. गुंडी फिरली हे संगणकाला कळत नाही. ते फक्त वहीला कळतं, आणि वहीला मी सांगते. माझं अक्षर मोत्यासारखं आहे. नोंद अर्धवट ठेवली म्हणून मी होयबाला दोनदा सगळ्यांसमोर सुनावलं आहे. एकदा तर निळ्याऐवजी काळी शाई वापरली म्हणून. तो होय म्हणाला.


नोंद ३
नमुना: वाटाणे. अ‍ॅपर्चर: वरीलप्रमाणे. हजर: आई, ताई, दाजी, मी.

गुरुवारी मी ताईकडे जेवते. आई तिथेच राहते. दाजींनी तिसऱ्यांदा आईला फिल्म समजावून सांगितली, या वेळी ताटातल्या वाटाण्यांवर. मधले वाटाणे गप्प, काठावरचे आपोआप सरकतात, असं म्हणत ते काठावरचे वाटाणे तर्जनीने सरकवत होते.

आईने चष्मा नाकावर घेऊन नीट पाहिलं आणि म्हणाली, "पण जावईबापू, ते तर तुम्हीच ढकलताय."

दाजी हसले. बालवाडीच्या बक्षीस समारंभाला पाहुणे हसतात तसे. मी पाणी प्याले. एका निनावी विद्वानाला ज्यासाठी डॉक्टरेट लागली, ते माझ्या आईने जेवता जेवता सांगितलं होतं, आणि तिला अजून भात वाढायचा होता.

ताई तर गुडघ्याला बाशिंग बांधून बसली होती. संचालकांच्या बंगल्याला अकरा खिडक्या आहेत हे मला तिच्याकडून कळलं. पडद्यांची मापं फ्रिजवर चिकटवलेली होती, खिडकीगणिक. दोन खिडक्यांपुढे "उन्हाची" असं लिहिलं होतं. हातातली पडद्याच्या कापडाची चिंधी टाकून तिने मला ओट्याजवळ ओढलं.

"सोमवारी सही करणार आहेस ना?"

"का नाही करणार?"

"तू हसतेयस." ताई आवाज खाली आणून म्हणाली. "लहानपणी मी झाडावरून पडायच्या आधी तू अशीच हसायचीस. फांदी मोडकी आहे हे तुला माहीत असायचं, आणि तू बोलायची नाहीस."

मी म्हणाले, काहीतरीच काय. मग भांडी पुसली.

आता ती फांदी सांगते. फिल्म घेतली त्या दिवशी तीन नंबरच्या भोकातून चित्र दाणेदार येत होतं. बारीक झोत, थोडे इलेक्ट्रॉन, चित्रात नुसते दाणे. सर मागे उभे राहून म्हणत होते, मला लख्ख हवंय. दोन तास म्हणत होते. शेवटी मी कंटाळून गुंडी फिरवली आणि एक नंबर लावला. इलेक्ट्रॉनचा मारा वीसपट झाला. चित्र लख्ख झालं, काठावरचे अणू टणाटण उडायला लागले, सर "अहाहा" म्हणाले, होयबा "अहाहा सर" म्हणाला. आणि मी वहीत, वरच्या ओळीत अ‍ॅपर्चर तीन लिहिलेलं असताना, त्या ओळीखाली मोत्यासारख्या अक्षरात लिहिलं: वरीलप्रमाणे.

लबाडीने नाही. हाताच्या सवयीने. आमच्या वहीतल्या चारपैकी तीन ओळी "वरीलप्रमाणे" असतात. त्यामुळे तो शब्द लिहिताना कुणी वर बघत नाही.

पेपरातला डोस त्या ओळीवरून काढला. मला हे आठवलं ते सभागृहात, टाळ्या सुरू होताना. तेव्हा हात वर करता आला असता. मी टाळ्या वाजवल्या. नंतरचे तीन महिने मी गप्प होते, आणि त्याला भीती हे कारण नव्हतं. दाजी अजून एक फांदी वर चढू देत, असं मला वाटत होतं.

पण आता फांदीखाली माझी सही मागत होते. केली, तर ती ओळ खरी असल्याचं मी लिहून देणार. नाही केली, तर कळणार की या इमारतीतली एकमेव काळजीपूर्वक बाई म्हणून मी जी मिरवते, तीच बाई वर न बघता लिहिते. माझ्याकडे तेवढंच होतं मिरवायला.


नोंद ४
नमुना: सेरियम ऑक्साइड. अ‍ॅपर्चर: तीन, गुंडी बघून लिहिलं. हजर: मी.

शनिवारी सकाळी इमारत रिकामी असते आणि लिफ्ट बंद असते. लिफ्ट हलली की यंत्र हलतं, म्हणून ही वेळ चांगली. यंत्राच्या खोलीला जाड दार, भिंतींना कापड, एसीच्या तोंडाला टॉवेल. खुर्ची करकरू नये म्हणून खाली गालिच्याचा तुकडा. एवढी बडदास्त आमच्या घरी आजारी माणसाचीसुद्धा कुणी ठेवली नाही.

मी दाजींना खोटं पाडायला आले होते. गोड शब्दांत सांगण्यात अर्थ नाही. डोक्यात बेत असा होता की सही नाकारायची आणि त्याच दमात चाचणी टेबलावर आपटायची: अणू हलत नाहीत, तुम्ही हलवता. म्हणजे माझी चूक लहान दिसेल आणि त्यांची मोठी.

आधी एक नंबर लावून पाहिलं. काठ टणाटण उडाला, फिल्ममध्ये उडत होता तसाच. मग नवा, मार न खाल्लेला कण शोधला, तीन नंबर लावला, एक चित्र घेतलं. वाळूत पडलेल्या मोत्यांसारखं होतं, डोळे बारीक करून मोजावं असं. शटर बंद केलं.

दहा मिनिटं.

(इथे काही नाही. झोत नाही म्हणून चित्र नाही, चित्र नाही म्हणून नोंद नाही. कण आपल्या जागी असावा.)

शटर उघडलं. एक चित्र. काठ तसाच. असं दहा वेळा केलं, दर वेळी नव्या कणावर. आठ वेळा काठ तसाच राहिला आणि माझा चेहरा कसा झाला असेल ते ताईला विचारा.

दोन वेळा मात्र कोपऱ्यावरचा एक ठिपका शेजारच्या जागी जाऊन बसला होता.

मला वाटलं, चित्र घेतानाच हलला असेल. म्हणून आणखी दहा कणांवर मध्ये न थांबता लागोपाठ दोन-दोन चित्रं घेतली. तेवढाच मारा, थांबणं फक्त वगळलं. एकही हलला नाही. म्हणजे ते दोन ठिपके अंधारात, कुणी ढोसत नसताना, आपल्या मर्जीने सरकले होते. वीस कण म्हणजे काही फार नव्हेत, पण कुणीकडे बघायचं ते कळायला पुरेसे होते.

दाजी बरोबर होते. थोडेसे. चुकीच्या फिल्मवर, पुरावा हातात नसताना, आणि खरं काय आहे हे न बघताच बरोबर. आंधळ्याने दगड मारावा आणि आंबा पडावा. आणि याहून वाईट म्हणजे, मला हे बघून आनंद व्हायला हवा होता. अणू दिसला होता, एकट्याने चालताना. मला राग आला. मलाही लख्ख हवं होतं.


नोंद ५
नमुना: माणसं. अ‍ॅपर्चर: खाली पाहा. हजर: सर, होयबा, मी.

सोमवारी सरांच्या खोलीत प्रमाणपत्र पेनासकट तयार होतं. मी चाळीस चित्रं टेबलावर ठेवली. सरांनी वरचं एक उचललं, उलटं धरलं, सुलट केलं.

"हे काय आहे? वाळू?"

मी सांगितलं. चाचणी सांगितली, दोन ठिपके सांगितले, तुमचं म्हणणं बहुधा खरं आहे पण फिल्म खरी नाही हेही सांगितलं. सर म्हणाले की खरं असेल तर वाद कुठे आहे, सही कर. असली चित्रं दाखवून कुणी टाळ्या वाजवत नाही.

मग मी वही उघडली. आमच्या वहीत खोडायचं नाही, गिरवायचं नाही. चुकीवर एकच रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे, बाजूला खरं लिहायचं. शेवटच्या रकान्यात कारण आणि चुकणाऱ्याची सही, त्याखाली प्रमुखांचं कारण आणि प्रमुखांची सही. मी पट्टी लावून "वरीलप्रमाणे"वर रेघ मारली. बाजूला लिहिलं: एक. कारणाच्या रकान्यात पुष्कळ काही लिहिता आलं असतं. यंत्र जुनं, सर घाईत, दोन तास उभे. मी लिहिलं: निष्काळजीपणा. सही केली.

होयबालासुद्धा कशाला होय म्हणावं ते कळेना.

सर वहीकडे बघत होते. चेहऱ्यावरून काय काय सरकत गेलं ते मी नोंदलं नाही. मग खुर्चीत मागे टेकून, सभागृहातल्या आवाजात म्हणाले, "मला माहीत होतं. तू कधी सांगतेस ते बघत होतो."

होयबा म्हणाला, "मलाही माहीत होतं, सर."

सरांनी त्याच्याकडे ज्या नजरेने पाहिलं ती नजर मी विसरणार नाही. त्या नजरेत मी आयुष्यभर जगाकडे कशी बघते ते मला दिसलं.

त्यांना माहीत नव्हतं हे मी पैजेवर सांगते. माहीत नसेल तर माणूस मूर्ख ठरतो, माहीत असून गप्प बसला असेल तर लबाड. एका क्षणात निवड करायची होती आणि माझ्या बहिणीच्या नवऱ्याने लबाड होणं पसंत केलं. हसायला काही जागा नव्हती. तीन महिने मीही तेच पसंत केलं होतं, आणि मला तर खरोखरच माहीत होतं.

मग त्यांनी पेन उचललं. प्रमुखांचं कारण या रकान्यात, वर न बघता, झरझर लिहिलं आणि सही ठोकली.

वही माझ्याकडे वळली तेव्हा मी वाचलं. माझ्या "निष्काळजीपणा"च्या खाली लिहिलं होतं: वरीलप्रमाणे.

मी शाई वाळू दिली.


नोंद ६
नमुना: सेरियम ऑक्साइड. अ‍ॅपर्चर: (होयबा लिहील). हजर: होयबा, मी.

परीक्षकाला पत्र गेलं, आता नऊ पानांचं. शटरची चाचणी करण्याचा विचार आमच्या मनात सुरुवातीपासूनच होता, ती सविस्तर करण्यासाठी मुदत हवी, असं त्यात आहे. फिल्म पेपरातून काढून घेतली. यंत्रचालकाच्या हातून नोंदीत चूक झाली हे तिसऱ्या परिच्छेदात आहे, आणि ते खरं आहे. यंत्रावर यापुढे होयबा बसणार. मी त्याला आठवडाभर शिकवायचं आणि मग पहिल्या मजल्यावर, काचेची भांडी मोजायला जायचं.

संचालकपद दुसऱ्याच एका गृहस्थाला मिळालं. त्यांच्या संशोधनाचा विषय काय हे कुणालाच नक्की सांगता येत नाही, त्यामुळे त्यावर आक्षेपही आला नाही.

ताईचा फोन आला. पडद्यांचा विषय तिने काढला नाही. दोन दिवस दाजी गप्प जेवतायत, आई त्यांना वाटाणे वाढत नाही, एवढं सांगून झाल्यावर तिने विचारलं, "हसतेयस का?"

मी नाही म्हणाले. तिने फोन लगेच ठेवला नाही. गुरुवारी ये म्हणाली, पण उशिरा ये, ते जेवून उठल्यावर.

आज होयबाचा तिसरा दिवस. तो खुर्चीत असा बसतो जणू खुर्ची सरांची आहे. पडद्यावर तीन नंबरची वाळू आहे.

"यात काही दिसत नाही," तो म्हणाला. त्याच्या तोंडून नकार मी पहिल्यांदा ऐकला.

"दिसेल. बघत राहा."

बऱ्याच वेळाने त्याला काठ दिसला. बोटाने दाखवला त्याने, काचेला बोट न लावता. चित्र घेतलं, शटर बंद केलं, घड्याळ लावलं. टाळ्यांना लावलं होतं तेच घड्याळ. मग वही ओढली, वरच्या ओळीखाली पेन टेकवलं आणि नमुन्याच्या रकान्यात लिहिलं, वरीलप्रमाणे. अ‍ॅपर्चरच्या रकान्यात लिहिलं, वरीलप्रमाणे.

मी पट्टी पुढे सरकवली. त्याने माझ्याकडे पाहिलं, वहीकडे पाहिलं, उठला, यंत्राला वळसा घालून गुंडीजवळ वाकून आकडा बघून आला. रेघ मारली. तीन लिहिलं. काळ्या शाईने.

"आणि एकही हलला नाही तर?" त्याने विचारलं. "सरांना काय सांगायचं?"

"हलला नाही असं."

तो होय म्हणाला नाही. घड्याळात अजून सात मिनिटं होती. आम्ही दोघं बंद शटरसमोर बसून राहिलो.